वरच्या पाड्याची चिठ्ठी

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. बहिणीला नाही, आणि आई तर न कळताच गेली. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाला सांगायचं धाडस माझ्यात कधीच नव्हतं, हे खरं कारण.

मी मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना सांगते, की औषधाचा गुण आला की नाही हे नुसतं डोळ्यांनी बघून ठरत नाही. पोरं कंटाळतात, बिचारी. एका तासाला मात्र मी कुणाला जांभई देऊ देत नाही — अभ्यासात औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरवायचं. का? तर माणूस निवडायला बसला की स्वतःच्या सोयीचं निवडतो. हे मी इतक्या तळमळीनं सांगते, की पोरं म्हणतात मॅडम भारी शिकवतात. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण जात नाही.

मी मूळची जव्हारची. वडील कचेरीत कारकून, गावाकडे भातशेती. नाशिकला एम.एस्सी. करून परत आले, ते नव्वदच्या दशकातले दिवस. जव्हार-मोखाड्याची कुपोषणाची बातमी तेव्हा कुठे ना कुठे छापून यायचीच. मुंबईहून डॉक्टरांचं एक पथक अभ्यासाला आलं, आणि आकडेमोडीसाठी त्यांनी मला घेतलं. नाचणी-शेंगदाण्याचा लाडू रोज दिला, तर लहान मुलांचं वजन किती वाढतं, एवढंच बघायचं होतं. प्रत्येक गावातले दोन पाडे घ्यायचे. एका पाड्यातल्या मुलांना लाडू, दुसऱ्यातल्या मुलांची फक्त वजनं, आणि कुणी आजारी असलं तर औषध. लाडवाचा गुण दिसला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या पाड्यालाही द्यायचा. कुठला पाडा कशात जाणार, ते चिठ्ठी टाकून ठरणार. पथकाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, चिठ्ठ्या तूच काढ, तू इथली आहेस, तुझ्यावर विश्वास आहे. मी काय फुशारले होते तेव्हा!

सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या मी नीट काढल्या. एक सोडून. गावाचं नाव सांगत नाही. त्याचा खालचा पाडा डांबरी रस्त्याला लागून, अंगणवाडी तिथंच. वरचा पाडा ओहोळ ओलांडून चढ चढल्यावर. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, डबा हलवला, लाडवासाठी एक काढली. वरचा.

तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? कंटाळा. हो — इतकं साधं होतं ते. वजनं महिन्यातून एकदाच घ्यायची, पण लाडू दर आठवड्याला पोचवायचे. जीप ओहोळापाशी थांबणार. पुढे डबे डोक्यावर. पावसात तर ओहोळ उतरेपर्यंत काठावर बसून राहायचं.

एवढंच असतं, तरी मी स्वतःला आळशी म्हणून सोडून दिलं असतं. पण आणखी एक होतं. वरचा पाडा कातकऱ्यांचा. जमीन नाही, मिळेल त्या मजुरीवर पोट. दिवाळी झाली की बरीचशी घरं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जाणार, पोरांसकट. मग लाडू खाणार कोण? लाडूच पोटात न गेल्यावर वजन कसं वाढणार? फरक दिसायचा नाही, आणि इतकी मेहनत करून सरांपुढे ठेवायला काही राहायचं नाही. खरं तर त्याचाही नियम आहे — चिठ्ठीनं ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला तिथंच मोजायचं, तो गेला तरी. मला तो पाठ होता. आणि आमच्या घरी जेवताना त्या लोकांविषयी जे बोललं जायचं — त्यांना दिलं काय, न दिलं काय, सारखंच — ते मला कधी आवडलं नव्हतं. मी शिकलेली, मी वेगळी, असं मी धरून चालले होते. त्या दुपारी ते आपसूक माझ्याच डोक्यात आलं, माझ्याच आवाजात.

मी स्वतःला म्हटलं, ही पहिली सराव म्हणून धरू. चिठ्ठी परत डब्यात टाकली, हलवली, पुन्हा काढली.

पुन्हा वरचा.

मग मी काढायची थांबलेच. कागदावर लिहिलं — लाडू, खालचा पाडा. दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या आणि चहा ठेवला.

पुढचं सगळं रीतसर झालं. महिन्याच्या महिन्याला मी वर वजनं घ्यायला जायची. आंब्याच्या फांदीला काटा टांगायचा, काट्याला झोळी, झोळीत पोर. जानी नावाची एक बाई होती, तिचा मुलगा किसन. झोळीत घातला की रडायचा नाही, टुकूटुकू बघत राहायचा. रडण्याइतकं त्राण नसायचं त्याच्यात, हे मला दिसत होतं बरं का. लाडवांचं तिनं बाजारात खालच्या बायकांकडून ऐकलं होतं. किसनला झोळीतून काढता काढता तिनं विचारलं, "आमची चिठी नाय निंगली, बाई?"

मी म्हटलं, नाही निघाली.

"मंग आजून एक डाव काढून बगा ना."

मी म्हटलं, तसं नियमात बसत नाही. नियमात! जीभ अडखळलीसुद्धा नाही माझी. किसनला कडेवर घेत ती उलट मलाच म्हणाली, "असू दे. तुमी तरी काय करनार."

त्या पावसाळ्यात किसनला हगवण लागली. ओहोळाला पाणी होतं. पाणी उतरून त्याला खाली आणेपर्यंत तो गेला होता. मला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं, आणि मी "अरेरे" म्हणाले.

किसनचं प्रत्येक वजन मी लिहिलं होतं. लाडू न मिळालेल्या मुलांच्या रकान्यात. तिथली वजनं जितकी कमी, तितका आमचा लाडू गुणाचा दिसणार. तसा तो दिसला. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आजची ही नोकरी त्याच कामावर मिळाली.

एका मुलावरून काहीच सिद्ध होत नाही. लाडू मिळाला असता, तरी हगवणीनं तो गेला असता कदाचित. शास्त्र म्हणून यात चूक काढता येणार नाही, आणि इतकी वर्षं मी याच वाक्याच्या आड लपून बसलेय. पण मला सिद्ध करायला सांगितलं होतं कुणी? लाडू त्याच्या वाट्याला आला होता. इतकी उलथापालथ करूनही डब्यातून त्याचाच पाडा निघत होता. कुणाचा वशिला नाही, कुणाची ओळख नाही, तरी त्या पाड्याला काहीतरी मिळत होतं, आणि ते मी मला चढ चढायला नको म्हणून काढून घेतलं. मला तेव्हा लाजही वाटली नाही. ती नंतर आली, नोकरी पक्की झाल्यावर.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या वर्षी लाडू वरच्या पाड्याला गेले. मीच घेऊन गेले, डबे डोक्यावर घेऊन. पोरं आंब्याखाली ओळीनं बसली. जानीकडे आता त्या वयाचं पोर नव्हतं, तरी ती आली. धाकट्या पोरांना पुढे सरकवत होती, लाडू खाली पडला तर पुसून पुन्हा हातात देत होती. आणि मधेच माझ्याकडे वळून, अगदी मनापासून म्हणाली, "बरा झाला बाई. यंदा आमची चिठी निंगली."

मी "हो" म्हणाले, आणि पुढच्या पोराच्या हातावर लाडू ठेवला.