बाटलीवरच्या सात रेघा

शेवटच्या दिवशी सकाळी वहिनीने तेलाची बाटली खिडकीत उजेडाला धरली आणि म्हणाली, "भाऊजी, काल कुणाचा तरी हात सैल सुटलाय."

कुणाचा तरी म्हणजे माझाच. आदल्या दिवशी भाजी मी टाकली होती. गुरुवारच्या रेघेवर असायला हवं होतं तेल, ते बोटभर खाली गेलेलं. मग त्या दिवशी वाटाणे नुसते उकडून, वरून मीठ आणि लिंबू. कुरकुर केली तर ताटच उचलेल म्हणून आम्ही दोघं भाऊ गप खाली बघून जेवलो. तिने भांडी घासली, ओटा पुसला, जरा पडते म्हणाली. चार वाजता दादा चहा घेऊन आत गेला आणि तसाच कप घेऊन बाहेर आला. झोपेतच गेली होती. त्र्याहत्तर वर्षांची. चेहरा असा की आत्ता उठून चहात साखर किती घातलीस विचारेल.

वहिनी बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये आचारीण होती, एकतीस वर्षं. दादा तिथेच बस चालवायचा आणि मी बसवर नंबर रंगवायचो. माझं लग्न झालं नाही, तिच्या हातचं खाऊनच म्हातारा झालो. कॅन्टीनच्या कढईचा तळ आठवडाभर दिसायचा नाही. कालच्या तेलात आजचं ओतायचं, परवा परत ओतायचं. शनिवारी ते तेल चहासारखं काळं व्हायचं, मग कामगार वाटून घ्यायचे. वहिनी आमच्या वाटणीचं गाळून घरी आणायची. फुकटचं म्हणून तिला केवढा आनंद. त्याच्यावर डब्यातलं गोठलेलं वनस्पती तूप वेगळं. आम्हाला काय, चव भारी लागायची.

दादा बावन्न वर्षांचा असताना स्टिअरिंगवर छाती धरून बसला. गाडी कडेला घेतली त्याने, माणसं उतरवली, मग आडवा झाला. डॉक्टर म्हणाले वाचला, पण पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. वहिनीला बोलावून खाण्याचं विचारलं. तिने काळ्या तेलाचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, तळून उरलेलं तेल बंद, गोठणारं तूप बंद, त्याच्या जागी सूर्यफुलाचं नाहीतर शेंगदाण्याचं साधं तेल आणा, ते हृदयाला बरं.

इथे आमची गंमत झाली. हृदयाला बरं म्हटल्यावर वहिनीने ते औषधच समजलं. भाजीवर तेल, भातावर तेल, उकडलेल्या बटाट्यावर वरून आणखी पळीभर. मी म्हटलं वहिनी, ताटात पोहायला लागतील बटाटे. तर म्हणाली तुम्ही गप बसा, नवरा माझा आहे. सहा महिन्यांनी तपासणीला गेले तर दादाचं वजन सात किलो वाढलेलं आणि साखर निघाली. आहाराचं सांगणारी एक नर्स होती तिथे. तिने विचारलं घरात माणसं किती, तेल किती लागतं. वहिनी छाती फुगवून म्हणाली, "तिघं. महिन्याला सहा लिटर. काटकसर नाही करत मी."

नर्स हसत सुटली. मग तिने नीट समजावलं. वाईट काढून त्या जागी चांगलं घालायचं, आहे त्याच्यावर ओतायचं नाही. तेल चांगलं असलं तरी शेवटी तेलच, अंगावर चढणारच.

घरी आल्यावर वहिनी मला म्हणाली, ह्यांना मीच आजारी पाडलं, दोनदा. मग अर्ध्या लिटरची काचेची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली रेघा काढा. सोमवारी वरच्या रेघेपर्यंत भरायची, रोज एक रेघ खाली यायचं, रविवारी बाटली रिकामी. बसच्या नंबरांचा पिवळा रंग होता माझ्याकडे, त्याने काढल्या. रविवारची वाकडी गेली. ती रेघ घासून घासून उडायची, मी दरवर्षी परत काढायचो आणि दरवर्षी ती वाकडीच. वहिनी म्हणायची, "बसचे आकडे कसे ताठ उभे असतात, माझीच रेघ बरी दारू पिऊन येते."

दादाची साखर खाली आली, वजन उतरलं, रक्तातली चरबीही उतरली. गोळ्या होत्या, रोजचं चालणंही होतं, डॉक्टर म्हणायचे सगळ्याचं मिळून झालं. पुन्हा छातीत दुखलं नाही. एकवीस वर्षं झाली.

ती गेल्यावर शेजारचा शिंपी भेटायला आला. बसल्या बसल्या म्हणाला, एवढं थेंब थेंब मोजलं, आणि गेलीच की शेवटी. मी म्हटलं तिने स्वतःसाठी कधी मोजलं नाही. ज्याच्यासाठी मोजलं तो हा बसलाय समोर. दादाने शिंप्यापुढे चहाचा कप सरकवला. पण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधून तळलेल्या मिरच्या घेऊन आला, तेलाने कागद पार झिरपलेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी विचारलं तर म्हणाला, आता कोण बघतंय. माझा जीव थाऱ्यावर राहिना. तिची एकवीस वर्षांची मेहनत हा महिन्याभरात खाऊन टाकणार. बोलायचं तर थोरला भाऊ. बाटली आठवडाभर तशीच उभी होती, तिने ठेवलेल्या जागी, गुरुवारच्या रेघेखाली बोटभर.

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. दादा आला, हातात बाटली. धुऊन पुसून आणलेली.

"ह्या तिघांच्या रेघा आहेत," म्हणाला. "दोघांच्या काढून दे."

मी ब्लेडने जुना रंग खरवडला. पाणी ओतून मोजलं. वरची रेघ आता बुधवारच्या जुन्या जागेच्या जरा खाली आली. डबीतला रंग घट्ट झाला होता, थोडं रॉकेल घातलं. सहा रेघा काढल्या, सातवीला हात थांबला.

दादा म्हणाला, "ती वाकडीच काढ."

रंग वाळेपर्यंत दोघं ओट्यापाशी उभे राहिलो. मग त्याने तेल भरलं, बाटली खिडकीत उजेडाला धरून एक डोळा मिटला, आणि कांदा चिरायला घेतला.