जुबेदाबी बांगडीवाली

घरातल्या बायकांना बांगड्या भरून झाल्या की टोपली झाकण्याआधी जुबेदाबी विचारायची, "झाले का घरातले समदे हात?" बहुतेक घरांत बायका हसून व्हय म्हणायच्या. एखाद्या घरात मात्र सासू सुनेकडे बघायची आणि सून जमिनीकडे. मग जुबेदाबी टोपली उचलायची आणि मागच्या खोलीकडे चालू लागायची.

तिची माझी ओळख नव्वदच्या दशकात झाली. वसमतला अपंग माणसांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नवीन लागले होते. बसस्टँडमागे दोन खोल्यांचं आमचं केंद्र होतं. गावोगाव फिरून अशी माणसं शोधायची, व्यायाम शिकवायचे, अपंगत्वाचा सरकारी दाखला काढून द्यायचा, जमेल त्याला केंद्रात आणायचं, हे काम. पण बहुतेक गावांत एकच उत्तर मिळायचं, "आमच्याकडं तसलं कोणी न्हाई."

जुबेदाबी दुपारी आमच्या ओट्यावर टेकायची. चाळिशी उलटलेली, उंच, सावळी, आवाज बारीक. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या एका गावात कोणीच नाही, असं मी सहकाऱ्याला सांगत होते, तेव्हा ती पान चघळत म्हणाली, "तिघं हायेत. त्यातल्या एका पोरीला मीच बांगड्या भरते."

ती पोरगी म्हणजे गंगू. तेवीस वर्षांची. जन्मापासून हातपाय ताठ, बोलणं अडखळत. तिला काहीच कळत नाही, असं घरच्यांनी धरून चाललं होतं. जुबेदाबीला मात्र ठाऊक होतं की गंगूला हिरव्या बांगड्या आवडत नाहीत. हिरव्या पुढे केल्या की ती डोळे मिटून घ्यायची.

जुबेदाबी मला एकदा तिच्याकडे घेऊन गेली. गंगूची मूठ आवळलेली होती. जुबेदाबीने कोमट पाण्यात साबण कालवला, तिचा हात मांडीवर घेतला आणि धरणावरच्या मासळीच्या गप्पा मारत बसली. पंधरा-वीस मिनिटांनी मूठ आपोआप सैल पडली. मी कॉलेजात चार वर्षं घालवून जे शिकले होते, ते ही बाई काही न शिकता करत होती. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "हात आवळला की ओढायचा न्हाई, ताई. ओढला तर बांगडी फुटती अन् लेकराला तकलीफ होती."

हे ऐकूनही मी घाई केलीच. पुढच्या आठवड्यात तिला न विचारता मी जीप घेऊन थेट गंगूच्या दारात गेले. जीपवर संस्थेची मोठी पाटी होती, त्यावर 'अपंग' हा शब्द ठळक. त्याच दिवशी गंगूच्या भावासाठी मुलीकडची मंडळी घर बघायला आली होती. त्यांनी पाटी वाचली, आत कोण आहे ते विचारलं आणि सगळी मंडळी चहा न घेताच उठली.

गंगूच्या बापाने राग माझ्यावर काढला नाही. घरातली गोष्ट बाहेर कोणी सांगितली, हे त्याला बरोबर उमगलं होतं. गावात एकाही घरात जुबेदाबीला घ्यायचं नाही, असं त्याने सांगून टाकलं. तिच्या फेरीतलं ते सगळ्यात मोठं गाव होतं.

मी तिच्या घरी माफी मागायला गेले. ती भाकरी थापत होती. "मला इचारलं काहून न्हाई?" एवढंच तिने विचारलं. तिने मला जेवू घातलं आणि म्हणाली, "आधी ती पाटी काढा." आम्ही त्याच दिवशी ती काढली.

त्यानंतर दर गुरुवारी, तिथल्या फेरीच्या जुन्याच दिवशी, ती त्या गावाच्या एस.टी. थांब्यावर टोपली घेऊन बसू लागली. कोणी घेतल्या तर घेतल्या, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने परत. चार महिन्यांनी गंगूची आई थांब्यावर आली. म्हणाली, "पोरगी जेवून न्हाई राहिली. दर बिस्तरवारी दाराकडं बघती." जुबेदाबी तिच्या मागोमाग घरी गेली. बाप ओसरीत बसला होता. त्याने तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता. दाखल्यासाठी आम्ही गंगूला परभणीला नेलं. डॉक्टरांनी आईला विचारलं, "हिला समजतं का?" आईने जुबेदाबीकडे पाहिलं. जुबेदाबी म्हणाली, "साहेब, तिलाच इचारा की." डॉक्टरांनी विचारलं. गंगूने बराच वेळ लावून स्वतःचं नाव सांगितलं, मग गावाचं, मग बापाचं. आई पदराने तोंड झाकून रडत होती. पुढे गंगू आठवड्यातून दोनदा केंद्रात येऊ लागली, चाकाच्या खुर्चीत बसू लागली. भावाचंही लग्न झालं. यावेळी बापाने मुलीकडच्यांना गंगू आधी दाखवली होती.

पुढे जुबेदाबीच्या ओळखीने अशी बरीच माणसं केंद्रात आली. दहा-बारा वर्षांनी साखरेच्या आजाराने तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ती घरातून निघेना. मी दाखल्याचं सांगायला गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला चार लोकांत नेऊ नका, ताई. आता मला कोणी बघू नये." इतक्या जणांना बाहेर आणणारी बाई असं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं. मी दोनदा गेले, दोनदा परत आले.

तिसऱ्यांदा गंगूच म्हणाली, मी येते. भावाने तिला खुर्चीसकट जीपमध्ये चढवलं. ती जुबेदाबीच्या खाटेजवळ बसली. दुपार झाली, सुनेने चहा दिला, तोही गार झाला. शेवटी गंगू कशीबशी म्हणाली, "चल."

जुबेदाबी रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तिने सुनेला हाक मारून धुतलेली साडी मागितली.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात जुबेदाबीच्या दाखल्यासाठी त्या दोघी रांगेत शेजारी शेजारी बसल्या होत्या. पुढच्या वर्षी जुबेदाबी गेली. तोवर ती रोज केंद्रात यायची आणि लेकरांना घेऊन पहिल्यांदा आलेल्या आयांना आपल्या शेजारी बसवून घ्यायची.