बोल्ट इकडे, नट तिकडे

आमच्या गावात नट-बोल्टची एक जोडी घ्यायची तर दोन दुकानं चढावी लागतात. बोल्ट आमच्याकडे, नट शेजारी काकांकडे. बिजागऱ्या आमच्या, त्यांचे स्क्रू काकांचे. हा शहाणपणा आजोबांचा. बाबांचं आणि काकांचं दुकानावरून बिनसलं, तेव्हा आजोबांनी मधोमध फळ्यांची भिंत घातली आणि मालाची अशी वाटणी केली, की एकाचं दुसऱ्यावाचून चालूच नये. "महिनाभरात येतील ताळ्यावर," म्हणाले. आजोबा गेले, भिंत राहिली. सव्वीस वर्षं झाली.

भावांनी बोलणं टाकलं, गिऱ्हाईक मात्र इमानाने एकमेकांकडे धाडलं. "तीन पायऱ्या उतरा, तीन चढा, नट तिथे," हे बाबांनी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. फळ्यांपलीकडून काकांचा खोकला ऐकू यायचा. दोन दिवस ऐकू आला नाही, की बाबा मला काहीतरी निमित्त काढून तिकडे डोकवायला लावायचे.

आता बाबांचे गुडघे कामातून गेलेत. वरच्या खणातला बोल्ट काढायला ते स्टुलावर चढले, की माझा जीव टांगणीला लागतो. दुकान बंद करा म्हणून मी किती डोकं फोडलं! उत्तर ठरलेलं, "मी बंद केलं तर त्याचे नट कोण घेईल?"

परवा ते स्टुलावरून घसरले. हाड वाचलं, पण माझी सहनशक्ती संपली. मी तडक काकांकडे गेले.

"काका, तुमच्यापायी बाबा जिवाला मुकतील एक दिवस. तुम्ही दुकान बंद करा, म्हणजे तेही सुटतील."

काका हातातला नट चाचपत बसले होते.

"अगं, मी सहा वर्षांपूर्वीच करणार होतो. डोळ्यांना धड दिसत नाही, बोटांनी माप ओळखतो. पण मग तुझ्या बापाचे बोल्ट कोण घेईल?"

मला रडू आलं आणि दोघांचा भयंकर रागही आला. परत येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"मी सांगून येऊ त्यांना? दोन्ही दुकानं बंद म्हणून?"

"नको. मी जातो."

मी हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला. आमच्या तीन पायऱ्या कशाबशा उतरले. काकांच्या दुसऱ्या पायरीवर गुडघा अडला. काका दारात आले, डोळे बारीक करून पाहू लागले.

"बोला, काय हवंय?"

बाबा कठड्याला धरून उभे होते.

"काही नको रे. जरा बसू दे."