अप्पा बसले की गाणं बंद

गाडीतला स्टिरिओ एकदाचा बंद पडला असता, तर मी तो उपटून माळ्यावर टाकला असता आणि विषय मिटला असता. पण तो बंद पडत नव्हता. मनात येईल तेव्हा गप्प व्हायचा, मनात येईल तेव्हा बोलायचा, आणि ज्या माणसासाठी बसवला होता नेमका तोच गाडीत असला की मुका व्हायचा. माझी सगळी नोकरी यंत्रांबरोबर गेली, पण इतका छळ एकाही यंत्रानं केला नाही.

तो माणूस म्हणजे माझे वडील, अप्पा. मंडी मोहल्ल्यात त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं. म्हैसुरात आमच्या किती पिढ्या झाल्या ते कुणी मोजलेलं नाही. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हीची खिचडी. उमेदीच्या काळात अप्पांनी नाटक कंपन्यांचे अंगरखे शिवले. मापं घ्यायच्या निमित्तानं विंगेत उभं राहून राहून जुनी कन्नड नाटकांतली पदं त्यांना तोंडपाठ झाली होती. पुढे काचबिंदूनं डोळे खाल्ले. आधी सुईत दोरा ओवायला माणूस लागू लागला, मग दुकानच बंद करावं लागलं. समोर कुणी उभं राहिलं तर त्यांना नुसती सावली दिसायची.

मी नंजनगूडच्या एका कारखान्यात होतो. बसच्या गर्दीला विटून जुनी गाडी घेतली आणि मेटगळ्ळीच्या एका फिटरकडून तिच्यात कॅसेटचा स्टिरिओ बसवून घेतला. पुढे प्लेअर, मागच्या काचेखाली दोन स्पीकर. बेत असा की दर रविवारी अप्पांना नंजनगूडला आत्याकडे न्यायचं. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. घराबाहेर पडायचं त्यांचं एवढंच एक ठिकाण उरलं होतं. रस्ता दिसत नाही, तर निदान पदं तरी ऐकत जातील.

सीटला कव्हरं घालायची म्हणताच अप्पा उसळले. "शिंप्याच्या घरच्या गाडीला बाजारातलं कव्हर? नाचिके नाही वाटत? लाज आहे की नाही काही?" मग त्यांनी हातानं चाचपत, वितीनं मापं घेतली. सुईत दोरा माझ्या बायकोनं ओवून दिला, मशीन मात्र त्यांनीच चालवली. मशीनच्या शिवणीवर त्यांचा जन्मात विश्वास नव्हता. जिथं ताण येतो तिथं दुहेरी मेणाचा दोरा घेऊन दाभणानं एक शेवटचा टाका हातानं घालायचा, ही त्यांची पद्धत. दुकानातले कारागीर त्याला 'अप्पांचं कुलूप' म्हणायचे. गाडीत पाय दुमडून बसून त्यांनी दोन्ही सीटांना ती कुलपं घातली, दाभण बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आयतु. झालं. आता सुई नक्को मला."

पहिले काही रविवार झकास गेले. अप्पा पुढच्या डाव्या सीटवर बसून मांडीवर ताल धरायचे. मग एकदा, गाव मागे पडता पडता, ऐन तानेत आवाज गेला. मी बटणं फिरवली, प्लेअरच्या डोक्यावर चापट मारली. आत्याच्या दारात अप्पा उतरले आणि गाणं खणखणीत सुरू झालं.

तिथून माझ्या डोक्याला जो भुंगा लागला तो लागलाच. सोमवार ते शनिवार मी एकटा कारखान्यात जायचो तेव्हा स्टिरिओ असा गायचा की जणू कधी दुखणं माहीतच नाही. रविवारी अप्पा बसले की पाच-दहा मिनिटांत घसा बसलाच. मी फिटरकडे गेलो. त्यानं फ्यूज बदलला, प्लेअरचं हेड पुसलं, कुठलंसं भडक गाणं लावलं आणि म्हणाला, "चन्नागिदे अल्ला, सर? छान चाललंय की!" पुढच्या खेपेला त्यानं पिना बदलल्या. त्याच्या पुढच्या खेपेला मी हट्टानं दोन्ही स्पीकर बदलायला लावले. अखेर त्यालाच डाव्या सीटवर बसवून मेटगळ्ळीचे सगळे खड्डे फिरवले. तो खुर्चीत बसावा तसा ऐटीत बसला होता आणि गाणं अखंड चालू होतं. उतरताना त्यानं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मला त्याची कॉलर धरावीशी वाटली.

मी फिटरवर चिडलो होतो, कारण खराबी समोर येतच नव्हती. यंत्र बिघडावं, पण त्याला काही रीत असावी की नाही? या बिघाडाला एकच रीत होती आणि ती बोलायला माझी जीभ धजत नव्हती. ती अप्पाच बोलले. त्या रविवारी आवाज गेल्यावर त्यांनी मांडीवरचा हात काढून घेतला.

"बिडु, सोड. त्याला मारू नको," ते म्हणाले. "दुकानात बसलो, दुकान बंद झालं. गाडीत बसलो, गाणं बंद. माझ्यातच काहीतरी आहे."

"काहीतरी काय बोलता अप्पा! वायर असेल कुठली तरी."

"मग मी उतरल्यावर कशी बरी होते ती वायर?"

मी प्लेअरच्या डोक्यावर आणखी एक चापट मारली.

पुढच्या रविवारी ते तयारच झाले नाहीत. म्हणाले, खोकला आहे. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, पाय दुखतोय. आत्या अप्पांना अण्णा म्हणायची; तिचा फोन आला, "अण्णाला माझा कंटाळा आला का रे?" मी पायदुखीचं कारण पुढे केलं. अप्पा खिडकीशी बसून एकच रुमाल घडी करायचे, मोडायचे, पुन्हा घडी करायचे. बाहेर पडणं सुटलं की म्हातारा माणूस किती लवकर आटतो ते मी मोहल्ल्यात पाहिलेलं होतं, आणि ते माझ्या घरात सुरू झालेलं मला दिसत होतं. तेही एका फालतू स्टिरिओपायी.

असाच एक रविवार. अप्पा पुन्हा "नक्को" म्हणाले आणि मी ताडताड खाली येऊन गाडीत जाऊन बसलो, तोही त्यांच्याच सीटवर. कॅसेट लावली. गाणं सुरू, अगदी ठणठणीत. दार आपटलं, तरी सुरू. सीटवर उड्या मारल्या, तरी सुरू. आता करायचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी अप्पांसारखा बसलो. ते गाडीतही कधी दोन्ही पाय खाली सोडून बसले नाहीत. आयुष्यभर मांडी घालून काजं केलेला माणूस, डावा पाय वर घेऊन दुमडायचा आणि सगळा भार दाराकडच्या कडेवर टाकून कलायचा. मी पाय वर घेतला, कललो, आणि गाणं थांबलं.

पाय खाली, गाणं चालू. पाय वर, गाणं बंद. मी शहाण्या माणसासारखं ते कितीतरी वेळ करत बसलो. मग खाली वाकून दाराशेजारचा गालिचा उचकटला. स्पीकरांची वायर त्याच्याखालून मागे गेली होती आणि तिच्या बरोबर मधून, कव्हराची कड आणि गालिचा एकत्र ओवत, मेणाचा दुहेरी दोरा आरपार गेला होता. अप्पांचं कुलूप. कडेवर भार आला की कव्हर ओढलं जायचं, दोरा वायरीला ओढायचा आणि आतल्या, ओढून ओढून तुटलेल्या तारा विलग व्हायच्या. मला आधी शिव्या सुचल्या, मग मी तो दोरा बोटानं चाचपून पाहिला.

बायको खाली आली होती. तिनं टाका पाहिला आणि हळूच म्हणाली, "तुम्ही कापून टाका आणि गप्प बसा. त्यांच्या शेवटच्या कामाला नाव ठेवू नका."

मी ब्लेड आणायला वर गेलो. अप्पा खिडकीशी रुमालाची घडी घालत होते. मी गप्प राहिलो असतो तर टाका नावाजलेलाच राहिला असता. अपशकुनी ठरले असते ते अप्पा. मला ते सहन होईना. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही. मी ओरडलोच, "अप्पा, तुमच्यात काही नाहीये! तुमचं दाभण गेलंय वायरीतून! तुम्ही पाय दुमडून बसता ना, त्यानं ओढली जाते ती!"

रुमाल तसाच राहिला. "माझा टाका?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच."

"म्हणजे हात चुकला?"

"हो. हात चुकला."

त्यांच्या चेहऱ्यावरून काय उतरून गेलं ते मला सांगता येणार नाही, पण ते माझ्या डोळ्यांदेखत उतरलं. "हौदा? खरंच? मग एवढे दिवस सांगितलं का नाही?" म्हणत ते उठून उभे राहिले. "चुकलेला टाका काय, उसवायचा. मी म्हटलं, मलाच उसवायला लागतंय की काय."

माझा हात धरून ते जिना उतरले. गाडीशी बसून बोटांनी टाका शोधला आणि ब्लेड मागितलं. मी नको म्हणालो तर डाफरले. दोरा त्यांनीच कापला. मी वायर जोडून, वरून चिकटपट्टी गुंडाळून बाजूला सरकवली. बायकोनं सुई ओवून आणली, तेव्हा आता सुई नको असल्याची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही. वायर कुठे आहे ते माझ्याकडून बोटाला लावून घेऊन त्यांनी तिच्यापासून चार बोटं सोडून नवा टाका घातला.

मग ते सीटवर बसले. डावा पाय वर घेतला, दाराकडे कलले आणि मुद्दाम गदागदा हलू लागले. गाणं चालू होतं.

"जोरात हललो का?" त्यांनी विचारलं.

"हललात अप्पा."

"स्वल्प थांब. आणखी एकदा बघतो." ते आणखी एकदा हलले, आणि मग आणखी एकदा, आणि मला म्हणाले, "चल, तुझी आत्या वाट बघत असेल."