उपडा कप

माझे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करायचे. एक्केचाळीस वर्षं जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात त्यांनी मान खाली घालून काढली. ती मान आता पूर्ण वर होत नाही, त्यामुळे बोलताना ते समोरच्याच्या शर्टाच्या गुंड्यांशी बोलताहेत असं वाटतं. गल्लीतली मुलं त्यांना सेकंदकाका म्हणायची. त्यांचा सेकंदकाट्याशी संबंध एवढाच की तो ते लावत. स्वतः ते कधीच त्याच्या वेगानं चालले नाहीत.

दुकानात त्यांचा एक नियम होता. घड्याळातून काढलेला भाग टेबलावर ठेवायचा आणि त्यावर चहाचा कप उपडा घालायचा. धुळीनं, फुंकरीनं, शिंकेनं तो उडून जाऊ नये म्हणून. टेबलावर एकही उपडा कप उरला नाही, म्हणजे सगळं आपापल्या जागी गेलं. मगच घड्याळाला झाकण लागायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी भाऊजी आधी टेबलाकडे बघायचे.

डोळ्यांनी दगा दिला तसं दुकान बंद झालं. त्याच्या पुढच्या वर्षी माझे यजमान गेले आणि त्यांची जुनी गाडी भाऊजींकडे आली. मला चालवता येत नाही, आणि विकायला मन होईना. गाडी मेकॅनिककडे नेणं भाऊजींना अपमानासारखं वाटे. ती ते घरीच उघडत, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून.

मग धाकट्या जाऊबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. गेली दोन वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊला त्यांना मशीनवर रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं. केंद्र पाऊण तासाच्या अंतरावर. परतताना त्यांना बसवत नाही, म्हणून भाऊजींनी पुढच्या सीटची पाठ अशी बसवली आहे की ती पार आडवी होते. भाड्याच्या गाडीत त्यांना एकदा उलटी झाली होती. त्या ड्रायव्हरनं जे ऐकवलं ते जाऊबाईंनी मनाला लावून घेतलं. तेव्हापासून ही गाडीच.

गेल्या सोमवारी ती सुरू झाली नाही.

आदल्या दिवशी, रविवारी, भाऊजींनी तिचं काम काढलं होतं. नवे प्लग, नवं तेल, आणखी काय काय साफ केलं. मी वरच्या मजल्यावर राहते; दुपारभर खालून पेट्रोलचा वास येत होता. सोमवारी आठला पंधरा मिनिटं असताना मी खिडकीतून पाहिलं, तर जाऊबाई शाल घेऊन आत बसलेल्या आणि भाऊजी किल्ली फिरवताहेत. इंजिन नुसतंच गरगरायचं आणि थांबायचं.

मी खाली गेले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा किल्लीवर बसता का? मी सांगेन तेव्हा फिरवा."

मी बसले. माझ्या शेजारी जाऊबाई डोळे मिटून होत्या. चेहरा सुजलेला. रविवारच्या रात्री त्या अशाच होतात. सोमवारी मशीन चुकलं तर बुधवारपर्यंत काय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कोणी तो विषय काढला नाही.

"फिरवा."

फिरवलं.

"पुरे."

बॅटरी बरी होती, नाहीतर इतकं गरगरलं नसतं. पेट्रोल येत होतं. भाऊजींनी नवे प्लग काढून जुने लावले. पुन्हा काही नाही. मग एक प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून धरला आणि मला फिरवायला सांगितलं.

"ठिणगी नाही," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. दमलेल्या माणसाचा असतो तसा.

समोरचा ट्रक ड्रायव्हर टूथब्रश तोंडात ठेवूनच आला. "काका, हे काय घड्याळ आहे का, चावी दिली की झालं?"

"तुझा ट्रक तरी कुठे चावीनं चालतो? शिव्यांनी चालतो."

"चालतो ना पण." त्यानं नळावर चूळ भरली आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. "काकूंना ट्रकमधनं सोडू?"

"तिला त्या उंचीवर चढवणार कोण? तू का मी?"

मी केंद्रात फोन लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, पावणेदहापर्यंत बेड धरून ठेवते, त्यानंतर पुढच्या पेशंटला द्यावा लागेल. भाड्याची गाडी अकराच्या आत मिळत नव्हती. मी दोन्ही निरोप भाऊजींना दिले. त्यांनी मान हलवली आणि कॉइलची वायर काढून तपासली. तिथे ठिणगी होती, निळी, लखलखीत.

"इथवर करंट आहे, पुढे नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मधे काय, डिस्ट्रिब्यूटर. त्याची टोपी उघडा, काका."

"ते मी कालच केलंय."

"केलंय तर केलंय. बघायला काय जातं?"

"भिंग लावून केलंय रे."

"बरं. मग प्लगच्या वायरी चाटत बसा."

भाऊजी खरंच वायरी एकेक करून पुसत बसले. मला घड्याळ दिसत होतं. साडेआठ झाले. जाऊबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "अहो, राहू दे आज. मी पडते घरात जाऊन."

भाऊजींनी हातातलं फडकं टाकलं. दोन क्लिपा सोडवून त्यांनी ती टोपी उचलली आणि तसेच वाकून राहिले. ड्रायव्हरनं वाकून पाहिलं, मीही उतरून पाहिलं. आत नुसता एक दांडा उभा होता, डोक्यावर काही नाही.

"रोटर कुठाय?" ड्रायव्हर म्हणाला. मला कळावं म्हणून त्यानं बोटाचं पेर दाखवलं. "एवढा असतो, काळा. तोच फिरून प्रत्येक प्लगला करंट वाटतो. तो नाही तर काय, ढकलत न्या खुशाल."

भाऊजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "काल उजेडासाठी आत नेला होता. पट्टी घासली. ओट्यावर ठेवून वर कप घातला. तेवढ्यात औषधांच्या दुकानातून फोन आला, हिचं इंजेक्शन आलंय, लगेच या. गेलो. परत येऊन पाहिलं तर ओट्यावर कप नव्हता."

कप नव्हता म्हणून त्यांनी टोपी लावून टाकली होती. एक्केचाळीस वर्षांच्या सवयीनं.

ते गाडीच्या दाराशी आले, वाकले. "काल कप तू उचललास?"

जाऊबाईंनी डोळे उघडले. "हो. दोनच होते. तुम्ही बाहेर गेलात, मला जरा बरं वाटत होतं, म्हटलं धुऊन टाकू." मग शाल सावरत, "किती महिन्यांनी सिंकपाशी उभी राहिले. का हो?"

"त्याच्याखाली काही होतं?"

"तुमच्या घड्याळाचं काहीतरी होतं. तुमच्या डब्यात टाकलं."

घरात कुठेही स्क्रू, स्प्रिंग, बटण सापडलं की जाऊबाई ते भाऊजींच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. लग्न झाल्यापासून टाकत आल्या आहेत. ड्रायव्हर काहीतरी बोलायला गेला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो टूथब्रश खिशात घालत ट्रककडे वळला.

"काही चुकलं का माझं?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "स्वच्छ धुतलेस. मी सकाळी त्याच कपातनं चहा घेतला."

डबा मीच आणला. रोटर वरच होता, एका मनगटी घड्याळाच्या पट्ट्यात अडकलेला. भाऊजींनी तो दांड्यावर बसवून टोपी लावली. मी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. नऊला सात मिनिटं होती. त्यांनी हातसुद्धा पुसले नाहीत, तसेच निघाले. बेड मिळाला, चार तासांऐवजी साडेतीनच तास मिळाले, सिस्टर कुरकुरल्या, पण मिळाला. दुपारी दोघं परतले तेव्हा जाऊबाई आडव्या सीटवर झोपलेल्या होत्या आणि भाऊजी त्यांना न उठवता स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. मी दोनदा खिडकीत येऊन गेले, तरी तसेच.

काल पुन्हा रविवार होता. डिस्ट्रिब्यूटरच्या आतले पॉइंट साफ करायचे राहिले होते, म्हणून भाऊजींनी दुपारी तो उघडला आणि रोटर हातात घेऊन जिना चढून वर आले. माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, एक वाटी द्या. आणि ती धुऊ नका."

मी वाटी उपडी घातली. "खाली कप नाहीत का?" मी मुद्दाम विचारलं.

"कप आहेत. सिंकमध्ये ठेवलेत दोन." ते माझ्या पदराशी बोलावं तसं म्हणाले, "तिला बरं वाटलं तर असावेत."

संध्याकाळी जाऊबाईंसाठी पेज घेऊन मी खाली गेले. त्या झोपलेल्या होत्या. कप सिंकमध्ये तसेच होते, तळाशी चहा वाळलेला. मी पदर खोचला होता, तो पुन्हा सोडला आणि कपांना हात न लावता वर आले.