झेलीचा निळा झगा

पॅरिसजवळच्या शातू गावी नदीकाठच्या धोबीखान्यात झेली माझ्या शेजारी कपडे धुवायची. आठवडाभर साबण आणि राखेचं पाणी. रविवारी मात्र निळा झगा घालून ती समोरच्या बेटावर जायची. तिथे तिचा प्रियकर फिर्मँ, मैत्रीण ओदील आणि नावा वल्हवणारी पोरं जमायची. वाइन, तळलेले मासे, खिदळणं.

एका उन्हाळ्यात दोर्वाल नावाच्या चित्रकाराने ही मंडळी झाडाखाली बसवून रंगवायला घेतली. झेली मधोमध, फिर्मँला टेकून.

"बघा बायांनो, ही मान आता चित्रातून पॅरिसला जाणार," ती आम्हाला म्हणायची.

"साबणाचा वास तेवढा धुऊन जा म्हणावं," मी म्हणायचे.

ऑगस्टात तिला छातीचा ताप आला. ओदील सूप घेऊन भेटायला आली आणि जाताना मामेबहिणीच्या लग्नासाठी निळा झगा मागून घेतला. झेलीने आईकडून इस्त्री करवून दिला.

वसंतात पॅरिसला प्रदर्शन लागलं. झेली मला घेऊन गेली. चित्रात झगा तिचा होता, सोललेल्या बोटांचे हात तिचे होते. चेहरा ओदीलचा. आणि फिर्मँ त्या चेहऱ्याकडे असा बघत होता, की मीच नजर फिरवली.

दोर्वाल तिथेच होता. "तू आजारी पडलीस. ऊन थोडंच थांबतं? फिर्मँच म्हणाला, ओदील बसेल."

"आणि हात?"

"ते आधीच झाले होते."

पुढच्या रविवारी झेली बेटावर गेली, मीही मागोमाग.

"ओदील, झगा राहिलाय तुझ्याकडे."

"अगं, सांगणारच होते. आजारपणात उगाच मनस्ताप नको म्हणून..."

"सगळ्यांनी मिळून ठरवलं?"

फिर्मँ पाव कुस्करत राहिला. एकाने माशांची ताटली पुढे सरकवली. "बस की झेली. झालं गेलं."

ती बसली नाही.

फिर्मँ-ओदीलच्या लग्नातले टेबलांवरचे मेजपोस आमच्याकडेच धुवायला आले. मी म्हटलं, "दे, मी धुते." ती म्हणाली, "राहू दे, डाग वाइनचेच आहेत." आणि इतर कपड्यांसारखेच नीट धुतले.

चित्र एका साखरेच्या व्यापाऱ्याने घेतलं. झेलीची छाती मात्र सुधारली नाही. पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. बेटावरचं कुणी मातीला आलं नाही. ओदीलने फुलं पाठवली. झेलीच्या आईने ती घरात घेतली नाहीत.