गच्चीची किल्ली

वारज्यातल्या आमच्या सोसायटीचे चेअरमन निवृत्त मॅनेजर आहेत. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण ही व्यवस्थापनाची पाच कार्ये ते करंगळीपासून बोटांवर मोजतात. नियंत्रणाला अंगठा येतो, तो जरा वेळ उभाच धरतात. पाण्याचा टँकर आला तरी आधी समिती नेमतात. गच्चीला कुलूप असते आणि किल्ली त्यांच्याकडे. "अहो, दहा जणांकडे किल्ली म्हणजे कोणाकडेच नाही," असे त्यांचे म्हणणे.

गेल्या महिन्यात भर दुपारी खाली मीटरच्या खोलीला आग लागली. जिन्यातून धूर वर चढू लागला, तसे वरच्या मजल्यांवरचे आम्ही गच्चीकडे धावलो आणि त्या कुलुपापाशी अडकलो. आईचा हात माझ्या हातात होता. तिचा खोकला थांबत नव्हता. मी चेअरमनांना फोन लावला.

"घाबरू नका. मी खालून समन्वय करतोय."

"समन्वय राहू द्या, किल्ली आणा!"

त्यांनी फोन ठेवला. मग तोंडावर ओला रुमाल धरून ते स्वतःच धुरातून वर आले. हात इतके थरथरत होते की किल्ली कुलुपात जाईना. आईने त्यांचे मनगट धरले, तेव्हा दार उघडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठले. चेहरा अजून पांढराच होता.

"एकाच किल्लीवर अवलंबून राहणं धोक्याचं होतं. दुसरी करून घेतली."

"कोणाकडे दिलीत?"

त्यांनी खिशातून जुडगा काढला. दोन्ही किल्ल्या त्यातच होत्या.